फ्रेंचचा ‘ऊ’: जागेलाही तोच, वेळेलाही तोच. मग ‘काँ’ आणि ‘क’ कुठे?

दवबिंदू

फ्रेंचच्या बी१ (मधल्या पातळीच्या) परीक्षेची तयारी करणाऱ्यांना आणि करून घेणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून हा धागा. विषय: जागा आणि वेळ दाखवणारी संबंधी सर्वनामं.

आधी लिपीची सोय लावते. फ्रेंच शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहू. ‘ऊ’ म्हणजे ओ आणि मात्रा असलेला यू. ‘क’ म्हणजे क्यू-यू-ई, ‘की’ म्हणजे क्यू-यू-आय, ‘काँ’ म्हणजे क्यू-यू-ए-एन-डी, ‘दोँ’ म्हणजे डी-ओ-एन-टी. चंद्रबिंदू दिसला की आवाज नाकातून.

पुस्तकातला नियम एका ओळीचा आहे: आधीचं नाम जागा किंवा वेळ असेल तर ‘ऊ’. खालची सगळी वाक्यं जागा किंवा वेळेचीच आहेत, तरी सगळ्यांचं उत्तर ‘ऊ’ नाही. उत्तरं मागे छापली आहेत, कारणं छापलेली नाहीत.

१) ला व्हिल ___ झे व्हिझिते (मी पाहिलेलं शहर)
२) ला व्हिल ___ झे त्राव्हाये (मी काम केलं ते शहर)
३) ल झूर ___ ईल ए पार्ती (तो गेला तो दिवस)
४) लाने ___ झे पासे आ लियोँ (मी लियोँमध्ये घालवलेलं वर्ष)
५) ला प्रमिएर फ्वा ___ झे मांझे ईसी (मी इथे पहिल्यांदा जेवलो तेव्हा)
६) सेता लियोँ ___ झ त्राव्हाय (मी काम करतो ते लियोँलाच)

उत्तरं लगेच टाकू नका, आधी कारणं येऊ द्या.

खडूफळा

तो एका ओळीचा नियमच घोळाचं मूळ आहे. आधीचं नाम जागा आहे की वेळ, हे बघायचंच नाही. पुढच्या उपवाक्यात त्या नामाचं काम काय आहे, ते बघायचं. मराठी माणसाला हे सोपं जायला हवं, कारण आपला ‘जो’ विभक्ती घेऊनच येतो:

ज्या गावात, ज्या दिवशी: ऊ
जे गाव (कर्ता): की
जे गाव (कर्म): क
ज्या गावाहून: दू (‘द’ आणि ‘ऊ’ची संधी)
ज्या गावावरून, म्हणजे वाटेत: पार ऊ
ज्या गावाचा, ज्या गावाबद्दल: दोँ

दिवस ही वेळ आहे, म्हणून ‘ल झूर ऊ’ असं पाठ केलं की ‘मला आवडतो तो दिवस’ हमखास चुकतो. तिथे दिवस कर्म आहे, म्हणून ल झूर क झ प्रेफेर. ‘येतो तो आठवडा’ घेतलात तर आठवडा कर्ता: ला स्मेन की व्हियँ. दोन्ही नामं वेळेची, ‘ऊ’ कुठेच नाही.

तिरकस

म्हणजे फ्रेंच यायला आधी मराठीची विभक्ती यायला हवी. ती ऑप्शनला टाकलेल्यांनी काय करावं?

बोर्दो_ते_बोरिवली

खडूफळा, कल्पना चांगली आहे, पण मराठी विभक्तीवर डोळे मिटून भिस्त ठेवली तर पहिल्याच वाक्याला आपटाल. ‘मी ज्या शहराला भेट दिली’ यात मराठीला ‘ला’ लागतो. फ्रेंच व्हिझिते मात्र सरळ कर्म घेतं, मध्ये शब्दयोगी काही नाही. म्हणून ला व्हिल क झे व्हिझिते. ‘ज्या शहराला गेलो’ यातही ‘ला’च आहे, पण आले हे क्रियापद ‘आ’ घेतं, म्हणून तिथे ऊ. एकाच ‘ला’ची दोन उत्तरं.

तेव्हा शेवटचा कस फ्रेंच क्रियापदाचा. सरळ कर्म घेणारी, म्हणजे ‘क’वाली: व्हिझिते (पाहणं), किते (सोडणं), त्राव्हेर्से (ओलांडणं), कोनेत्र (माहीत असणं), एमे (आवडणं), प्राँद्र (रस्ता धरणं). शब्दयोगी घेणारी, म्हणजे ‘ऊ’वाली: आले (जाणं), व्हिव्र (जगणं, राहणं), त्राव्हाये (काम करणं), नेत्र (जन्मणं), आँत्रे (आत शिरणं), रेस्ते (थांबणं).

आबिते (राहणं) दोन्हीकडे चालतं. ला मेझोँ ऊ झाबीत आणि ला मेझोँ क झाबीत ही दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत, कारण हे क्रियापद शब्दयोगीसह आणि शब्दयोगीविना, दोन्ही प्रकारे चालतं. बोलण्यात पहिलंच जास्त. परीक्षेतही पहिलंच लिहा, उगाच वाद नको.

खडूफळा

मान्य. मग पद्धत अशी ठेवू. उपवाक्य सुटं काढायचं, नाम परत आत बसवायचं आणि फ्रेंचमध्ये त्याच्या आधी काय येतं ते बघायचं. काहीच नाही: क. ‘आ’, ‘दाँ’, ‘स्युर’, ‘आँ’ असं जागेचं काही आलं: ऊ. ‘द’ आलं तर जरा थांबायचं. कुठूनतरी निघणं असेल तर दू, नाहीतर दोँ.

‘मी ज्या शहराबद्दल बोलतेय’ हे शहरच असलं तरी पार्ले द आहे, म्हणून ला व्हिल दोँ झ पार्ल. ज्या काळाबद्दल बोलतो तो काळसुद्धा तसाच: लेपोक दोँ झ पार्ल.

गावकूस

दू आणि दोँ यांत आणखी एक बारकावा आहे. माणूस घरातून बाहेर पडला तर ला मेझोँ दू ईल सोर. तो एखाद्या घराण्यातला असेल तर ला फामीय दोँतील देसाँ. जागेहून निघणं दू, कुळातून येणं दोँ. दोँचं मूळ लॅटिनच्या ‘कुठून’वाल्या शब्दात आहे, त्यामुळे घराण्याच्या बाबतीत त्याने जुना हक्क सोडला नाही असं समजा.

चष्मिष्ट

‘काँ’चं कोणी बोललंच नाही. ल झूर काँ, लाने काँ असं लिहिणारे शेकड्याने सापडतात. इंग्रजीतून फ्रेंच शिकवलं की ‘द डे व्हेन’ आपोआप मानगुटीवर बसतं.

आधी नाम असेल तर काँ नाही, ऊ. नाम नसेल तर काँ. पाऊस पडतो तेव्हा मी घरी थांबतो: काँ ईल प्ल, झ रेस्त आ ला मेझोँ. पाऊस पडतो त्या दिवशी मी घरी थांबतो: ल झूर ऊ ईल प्ल, झ रेस्त आ ला मेझोँ.

आणखी एक खास आपल्याकडची खोड म्हणजे ‘जेव्हा’ला ‘तेव्हा’ जोडायची सवय. काँ ईल प्ल, आलोर झ रेस्त असं लिहून टाकतात. फ्रेंचला तो आलोर नको असतो, नुसता स्वल्पविराम पुरतो. ‘ज्या दिवशी… त्या दिवशी’ यातला दुसरा दिवसही गाळायचा. आणि नाम आधी, ऊ नंतर. ‘ऊ ल झूर’ असा क्रम फ्रेंच कानाला प्रश्नासारखा वाटतो, तेही अर्धवट.

लालशाई

चष्मिष्ट, ‘आधी नाम असेल तर काँ कधीच नाही’ हे जरा जास्त झालं. आँ एते, काँ ईल फे शो… (उन्हाळ्यात, ऊन तापतं तेव्हा…) हे शुद्ध आहे. इथे काँ त्या नामाला चिकटलेलं नाही, स्वल्पविरामानंतर स्वतंत्र उभं आहे. स्वल्पविराम काढला तर अडचण.

स्वल्पविरामावरून आठवलं. विशेषनामानंतर ऊ आला तर स्वल्पविराम हवाच: पुणे, ऊ झाबीत, ए… नुसतं ‘ला व्हिल ऊ झाबीत’ला तो नको, कारण कुठलं शहर ते ऊच सांगतोय. पुण्याला ओळख करून द्यायला ऊ लागत नाही.

तिरकस

पुणेकरांनी हे वाक्य छापून दारावर लावावं, पाटीच्या खाली.

पाववाला

वरचं सगळं एका माणसाच्या प्रवासात बसवता येतं. नेपोलियन आणि १८१५ साल घ्या. एल्बा बेट एकच, सर्वनामं चार:

लील ऊ ओँ ला आँव्वाये: १८१४ मध्ये ज्या बेटावर त्याला पाठवलं.
लील दोँतील एते ल सूव्हरँ: ज्या बेटाचा तो राजा होता.
लील कील आ किते: जे बेट त्याने २६ फेब्रुवारी १८१५ ला सोडलं.
लील दू ईल ए पार्ती: ज्या बेटाहून तो निघाला.

शेवटची दोन नीट बघा. घटना तीच, दिवस तोच. किते सरळ कर्म घेतं म्हणून क, पार्तीर ‘द’ घेतं म्हणून दू.

पुढे गोल्फ-झ्युआँ, ऊ ईल आ देबार्के (१ मार्चला उतरला). ग्रनोब्ल, पार ऊ ईल ए पासे (तिथून गेला). २० मार्च, ल झूर ऊ ईल ए आँत्रे आ पारी. १८ जून, ल झूर ऊ ईल आ पेर्द्यु आ व्हातेर्लो. मग सँतेलेन, लील ऊ ईल ए मोर, साल १८२१.

जन्माचं वाक्यही करून घ्या: आझाक्स्यो, ऊ ईल ए ने आँ १७६९. आता बेटांवर सर्वनामं लावण्याचा सराव आणखी कुणाचा इतिहास देणार?

दवबिंदू

पाववाला, हे वर्गाच्या फळ्यावर जाणार. एक शंका: पहिल्या ओळीत ‘ऊ ओँ ला’ लिहिलंय. पुस्तकात ‘ऊ लोँ’ असा एक ‘ल’ मध्ये घुसवतात ना?

पाववाला

घुसवतात. ऊ आणि ओँ हे दोन स्वर एकमेकांवर आपटू नयेत म्हणून लिहिताना ऊ लोँ करतात. ते ऐच्छिक आहे, बोलताना बहुतेक जण करत नाहीत. पण ओँच्या लगेच पुढे ‘ल’ असेल तर ते टाळतात, नाहीतर ‘ऊ लोँ ला’ अशी ल-ची रांग लागते. म्हणून तिथे मुद्दाम नुसतं ओँ ठेवलं.

बोर्दो_ते_बोरिवली

वर्गात घेणारच असाल तर क आणि ऊ यांतला आणखी एक फरक त्याच फळ्यावर घ्या, गुण त्यातच जातात. आधी क असेल आणि क्रियापदाला आव्वार हे सहायक क्रियापद लागत असेल, तर भूतकाळी धातुसाधित नामाप्रमाणे बदलतं. ला व्हिल क झे व्हिझिते लिहिताना शेवटी एक ई जादा. ऐकू येत नाही, म्हणून राहून जातो. ला रूत क झे प्रीझ (मी धरलेला रस्ता) यात मात्र तो ऐकू येतो, प्री चं प्रीझ होतं.

ऊ असेल तर मागच्या नामाचा धातुसाधिताशी काही संबंध नाही. ला व्हिल ऊ झे त्राव्हाये, जादा ई नाही. ला व्हिल ऊ एल ए ने मध्ये ई लागतो, पण तो ‘एल’मुळे, शहरामुळे नाही. इथे तपासणाऱ्याची लाल शाई जोरात चालते.

लालशाई

माझं नाव घेतलंत का?

बरं, ऊ कुठे चालत नाही ते राहिलंय. ऊच्या पोटात ‘मध्ये, वर, कडे’ एवढंच मावतं. ‘खाली, समोर, शेजारी, मागे’ मावत नाही. तिथे लकेलचं कुटुंब (लकेल, लाकेल, द्युकेल ही ‘जो-जी’ची रूपं) आणावं लागतं:

मांजर झोपतं ते टेबल (खाली): ला ताब्ल सू लाकेल दोर ल शा.
ज्या थिएटरच्या समोर: ल सिनेमा आँ फास द्युकेल.
ज्या बागेशेजारी: ल पार्क आ कोते द्युकेल.

शेवटच्या दोन्हींत ‘द’ आहे म्हणून बरेच जण आ कोते दोँ लिहितात. नाही चालत. आँ फास द, आ कोते द, प्रे द असे लांब शब्दयोगी मध्ये आले की दोँ बाद, द्युकेल किंवा द लाकेल.

टेबलाच्या वाक्यात मांजर शेवटी गेलंय तेही बघा. उपवाक्यात कर्ता नाम असेल आणि क्रियापद एकटंच असेल तर फ्रेंच खुशाल कर्ता मागे ढकलते. ला व्हिल ऊ आबीत मा मेर, आई राहते ते शहर. कर्ता झ, त्यु, ईल असेल तर असं करायचं नाही.

गावकूस

माणसांनाही ऊ लावत नाहीत. मी ज्या मित्राकडे राहतो: लामी शे की झाबीत. मित्र म्हणजे जागा नव्हे, कितीही दिवस राहा.

तिरकस

मित्राच्या बायकोचंही हेच म्हणणं असतं.

चष्मिष्ट

वेळेच्या बाबतीतही लकेल लागतो. ‘ज्या तारखेपासून’ म्हणायचं तर ला दात आ पार्तीर द लाकेल. ‘ज्या काळात’ म्हणून कालावधीवर जोर द्यायचा तर ला पेरियोद पाँदाँ लाकेल. घड्याळातली नेमकी वेळ असेल तर लर आ लाकेल ल त्रँ पार (गाडी किती वाजता सुटते ती वेळ). लर ऊ म्हटलं तर चूक नाही, पण त्याचा रोख ‘त्या सुमारास’कडे झुकतो.

पाचव्या वाक्यातला फ्वा (वेळ, खेप) हा वेगळाच गडी आहे. प्रमिएर (पहिली), देर्निएर (शेवटची), शाक (प्रत्येक) यांच्यासोबत क: ला प्रमिएर फ्वा क, ला देर्निएर फ्वा क, शाक फ्वा क. पण ‘त्या एका वेळी, आठवतं का?’ असं सांगताना ला फ्वा ऊ. पहिल्या प्रकारातही ऊ लावलेला ऐकाल, परीक्षेत मात्र क लिहा, त्यावर कोणी बोट ठेवणार नाही.

खडूफळा

तो ‘क’ मँत्नाँ क (आता… म्हणून), दप्वी क (…पासून) यांच्या जातीचा. हे गठ्ठ्यानेच पाठ करायचे, तिथे कर्म शोधत बसू नये. ल झूर क अशी रचनाही जुन्या लिखाणात आणि काही भागांतल्या बोलण्यात आढळते. ‘एके दिवशी’ या अर्थाचं अँ झूर क तर आजही कथा-कादंबरीत चालतं. ओळखता यावं, वापरायची गरज नाही.

एक खरा सापळा सांगतो: द्यु मोमाँ क. ‘त्या क्षणापासून’ असं वाटतं, अर्थ निघतो ‘एवढं असेल तर मग’ किंवा ‘ज्याअर्थी’. क्षणच म्हणायचा असेल तर ओ मोमाँ ऊ.

दवबिंदू

सहाव्या वाक्याचं काय? शहर आहे, काम करणं आहे, त्राव्हाये ऊवालं आहे. तरी उत्तर क छापलंय.

बोर्दो_ते_बोरिवली

कारण तिथे ‘आ’ आधीच येऊन बसलाय. सेता लियोँ, म्हणजे से आणि मग आ लियोँ. से… क ही ‘-च’ची रचना आहे, संबंधी उपवाक्य नाही. ‘लियोँलाच’ म्हणून झालं, ‘ला’ एकदा येऊन गेला. पुढे ऊ लावला तर तो दुसऱ्यांदा येतो.

‘आ’ काढून नाम ठेवलंत तर ऊ परत येतो: से ला व्हिल ऊ झ त्राव्हाय. शेजारी शेजारी लिहून बघा:

सेता लियोँ क झ त्राव्हाय.
से लियोँ, ला व्हिल ऊ झ त्राव्हाय.

सेतीसी क (इथेच), से ला क (तिथेच) हेही तसंच. से ला ऊ बोलण्यात सर्रास ऐकू येतं, लिहिताना क बरा. से नसेल तर ला ऊ अगदी ठीक आहे: रेस्त ला ऊ त्यु ए, आहेस तिथेच थांब.

हेच दुहेरीपण आणखी एका चुकीत असतं: ला व्हिल ऊ झी व्हे. ऊ म्हणजे जिथे, ई म्हणजे तिथे, दोन्ही एका उपवाक्यात. मराठीत ‘जिथे मी तिथे जातो’ म्हटल्यासारखं. ई काढा: ऊ झ व्हे.

शिंपल्या

वाखुसा (वाचनखूण साठवली). काळाबद्दल एक भर घालते, ती मराठीवाल्यांच्या फायद्याची आहे. ‘ज्या दिवशी तू येशील’ यात आपण भविष्यकाळ वापरतो, फ्रेंचही तेच करते: ल झूर ऊ त्यु व्हियँद्रा. काँ त्यु व्हियँद्रा, तसंच. इंग्रजी माध्यमवाले तिथे वर्तमानकाळ घालतात. मराठीतून विचार केला तर आपोआप बरोबर येतं.

फक्त ओ का ऊ (समजा तसं झालंच तर) याला भविष्यकाळ नाही, काँदिस्योनेल (क्रियापदाचं संकेतार्थी रूप). पाऊस आलाच तर: ओ का ऊ ईल प्लव्रे. आणि ‘कुठेही जा’ या अर्थाचा ऊ क आला की स्युब्झोँक्तिफ (क्रियापदाचं आणखी एक वेगळं रूप): ऊ क त्यु आय.

तिरकस

‘ऊ’वर एवढं बोललात, ती मात्रा कुठे सापडते ते कोणी सांगितलं नाही. मात्रा नसलेला ऊ म्हणजे ‘किंवा’. उच्चार तोच. ‘मी राहतो ते शहर’ लिहायला जावं आणि ‘शहर किंवा मी राहतो’ व्हावं.

पाववाला

फ्रेंच कीबोर्डवर त्या मात्रावाल्या यूला वेगळी कळ आहे, एमच्या उजवीकडे. गंमत म्हणजे अख्ख्या फ्रेंचमध्ये ते अक्षर या एकाच शब्दात येतं. एका शब्दासाठी एक कळ. विंडोजवर आपला नेहमीचा कीबोर्ड असेल तर आल्ट दाबून धरा आणि आकड्यांच्या पॅडवर ०२४९. मोबाईलवर यू दाबून धरला की यादी येते, त्यात डावीकडून खाली उतरणारी मात्रा निवडा. उजवीकडून उतरणारी नव्हे, तशी मात्रा यूवर फ्रेंचमध्ये येतच नाही.

लालशाई

आता उत्तरं टाकू का?

१) क. व्हिझिते सरळ कर्म घेतं, लिहिताना जादा ई.
२) ऊ. त्राव्हाये आ, जादा ई नाही.
३) ऊ. ‘त्या दिवशी’ गेला, दिवस कर्मही नाही, कर्ताही नाही.
४) क. पासे म्हणजे घालवणं, वर्ष हे त्याचं कर्म, जादा ई. ‘मी लियोँमध्ये होतो ते वर्ष’ असतं तर ऊ: लाने ऊ झेते आ लियोँ.
५) क. प्रमिएर फ्वा.
६) क. से… क.

दवबिंदू

चौथं वाक्य मुलांना सगळ्यात जड जातं, ते आता नेपोलियनच्या ‘शंभर दिवसां’वर (एल्बाहून परतल्यानंतरच्या त्याच्या सत्तेवर) घेईन. ‘त्याने पॅरिसमध्ये घालवलेले आठवडे’: ले स्मेन कील आ पासे आ पारी. जादा ई आणि एस, दोन्ही ना?

बोर्दो_ते_बोरिवली

दोन्ही. स्मेन स्त्रीलिंगी, अनेकवचनी. झूर घेतलंत तर नुसता एस.